चौथी पट्टी

९ फेब्रुवारी, सोमवार

छोट्या,

सहा फूट सात इंच उंचीच्या माणसाला छोट्या म्हणणारा जगात मी एकटाच असेन, त्यामुळे पत्र कोणाचं हे तुला सही न बघताच कळलं असणार. पाकीट न फोडता फेकून दिलं नाहीस, एवढ्यावरही मी खूश आहे.

पत्ता आईकडून घेतला. तिने तो सुखासुखी दिला नाही. "बघते," म्हणाली, आणि दोन दिवसांनी किराणाच्या यादीमागे लिहून दिला. म्हणजे मधल्या दोन दिवसांत तिने तुला विचारलं असणार आणि तू नाही म्हणाला नसशील. तुझ्या बाबतीत हल्ली मी असेच अंदाज बांधत बसतो. फोन तू उचलत नाहीस, मग दुसरं काय करणार?

तर बातमी अशी, की रग्बीतला हा माझा शेवटचा सीझन. पस्तिशी उलटली. सकाळी पलंगावरून उठतो तेव्हा गुडघे एवढे वाजतात की शेजारच्या खोलीत लेक जागी होते. सोळा वर्षं स्क्रमच्या रेटारेटीत डोकं घालून कानांचे फ्लॉवरचे गड्डे झालेत. परवा चष्मा करायला गेलो तर दुकानदाराने सात फ्रेमा लावून बघितल्या, एकीचीही काडी कानामागे बसेना. शेवटी तो बिचारा म्हणाला, साहेब, तुम्ही लांबूनच वाचत जा.

शेवटची मॅच ९ मेला, आपल्याच मैदानावर. त्यानंतर कोचच्या मनात मला लाइनआउटचा कोच म्हणून ठेवून घ्यायचं आहे. अजून कागदावर काही नाही, पण दोनदा पाठीवर थाप मारून झाली आहे, आणि तो माणूस उगाच कोणाच्या पाठीवर थाप मारत नाही हे तुला ठाऊक आहे.

खांदा ठीक आहे. अधूनमधून कुरकुरतो. तुझी वहिनी निघायच्या आधी घरीच टेप बांधून देते. जीव लावून बांधते, पण पार्सल बांधल्यासारखी बांधते. तुझ्यासारखी कोणालाच येत नाही. फिजिओला मी काही बोललो नाही. शेवटचे तीन महिने राहिलेत, उगाच कशाला.

त्या मॅचबद्दल मी काही लिहिणार नाही. जुनी गोष्ट झाली. ९ मेला ये, एवढंच सांगायचं होतं. तिकीट दारावर तुझ्या नावाने ठेवतो.

तुझा,
दादा


२१ फेब्रुवारी

छोट्या,

उत्तर आलं नाही. मीही लगेच येईल असं धरलं नव्हतं. टपालाची पेटी रोज दोनदा बघतो ती वेगळ्या कारणाने, वीज बिल यायचं आहे.

तुझी पुतणी आता आठ वर्षांची झाली. तू गेलास तेव्हा ती तुझ्या बुटात दोन्ही पाय घालून घरभर फिरायची. काल शाळेतून आली आणि विचारते, "बाबा, तू नक्की काय काम करतोस?" वर्गात सगळ्यांना आईबापांच्या कामाबद्दल लिहायला सांगितलंय. मी म्हटलं, रग्बी खेळतो. तर म्हणे, तो खेळ झाला, काम काय करतोस?

मग तिला जेवणाच्या टेबलावर मिठाच्या, मिरपुडीच्या बाटल्या मांडून लाइनआउट दाखवली. बॉल मैदानाच्या बाजूच्या रेषेबाहेर गेला की दोन्ही टीमची माणसं समोरासमोर दोन रांगांत उभी राहतात, मधे हातभर वाट. बाबा रेषेवर उभा राहून, दोन्ही हातांनी डोक्यामागून, त्या वाटेत बॉल फेकतो. त्याच क्षणी आपल्या रांगेतल्या एकाला दोघं जण मांड्यांना धरून वर उचलतात आणि तो हवेतच बॉल झेलतो.

"म्हणजे तू त्याच्या हातात फेकतोस," ती म्हणाली.

मी म्हटलं, "नाही. मी फेकतो तेव्हा तिथे कोणीच नसतं. बॉल तिथे पोचतो तेव्हा तोही पोचतो."

"आणि नाही पोचला तर?"

"तुझा काका नेहमी पोचायचा."

तिने मिरपुडीची बाटली थोडा वेळ हवेत धरून ठेवली. मग म्हणाली, "मग त्याला सगळे 'घाई' का म्हणतात?"

तिला हे कोणी सांगितलं देव जाणे. वर्गात कोणाचा तरी बाप मॅचला येत असणार. मी म्हटलं, लोकांना काय, नावं ठेवायला पैसे पडत नाहीत. तेवढ्यात तुझ्या वहिनीने हातातली ताटं जरा जोरात ठेवली आणि विषय तिथेच राहिला. लेकीने वहीत लिहिलं, "माझे बाबा कोणी नसतं तिथे बॉल फेकतात." बाईंनी खाली लाल शाईने प्रश्नचिन्ह काढून पाठवलंय.

खांद्याला थंडी बाधते. बाकी मजेत.

दादा


६ मार्च

छोट्या,

आज राग आलाय, आधी तो बाहेर काढतो.

दुपारी कोचने बोलावलं. मला वाटलं कागद तयार झाला. नवा शर्ट नव्हता घातला म्हणून वाईटही वाटलं. आत गेलो तर त्याच्यासमोर एक अर्ज होता. तुझा. तुला आपल्या क्लबात लाइनआउटचा कोच व्हायचंय, आणि हे मला कोचच्या तोंडून कळावं? आईला माहीत होतं. तुझ्या वहिनीलाही होतं, कारण आई तिला सगळं सांगते. घरात फक्त भिंतींना आणि मला माहीत नव्हतं.

चार पानांचा अर्ज. मी उलटा वाचला, टेबलाच्या पलीकडून. सहा वर्षं कोणत्या तरी टोकाच्या गावात शाळेतल्या मुलींना आणि गावातल्या टीमला शिकवतोस. त्यांनी मागच्या सीझनला शंभरातल्या त्र्याण्णव लाइनआउट जिंकल्या. आमचा आकडा सांगत नाही, हसशील.

कोच म्हणाला, "कागदावर पोरगा उत्तम आहे. पण ऐन वेळी घाई करतो, हे मी माझ्या डोळ्यांनी बघितलंय. सेमीफायनलचं शेवटचं मिनिट होतं. असा माणूस दुसऱ्यांना वेळ साधायला काय शिकवणार? तुझा सख्खा भाऊ आहे. तुझं काय मत?"

मी म्हटलं, "भाऊ आहे म्हणूनच माझं मत धरू नका."

बाहेर आलो तेव्हा मला वाटलं, चांगलं बोललो. एकाच जागेसाठी आपण दोघं, आणि मी तुझ्याविरुद्ध एक अक्षर काढलं नाही. घरी येऊन तुझ्या वहिनीला हेच सांगितलं, जरा छाती काढूनच. ती भांडी पुसत होती. हातातला पेला पुसून झाला, फडताळात ठेवून झाला, तेव्हा म्हणाली, "म्हणजे परत मूग गिळून गप्प बसलास."

'परत' म्हणाली ती. हा शब्द आठवून मला झोप येत नाही, आणि राग तुझ्यावर काढत बसलोय. हे पत्र टाकू की नको ठरत नाही. टाकतो. सहा वर्षांत तुला माझं काही खरं कळलं नाही, निदान राग तरी खरा कळू दे.

दादा


२९ मार्च, रविवार

छोट्या,

तीन आठवडे लिहिलं नाही. लिहायला बसायचो आणि हवापाण्यावर यायचो. आज सकाळी लेक आणि तिची आई बाहेर गेल्यात. टेबल मोकळं आहे. त्या मॅचबद्दल लिहिणार नाही असं पहिल्या पत्रात म्हणालो होतो, ते खोडून वाच.

सेमीफायनलच्या आधी पाच आठवडे माझा खांदा निकामी झाला होता. हे दोनच माणसांना माहीत होतं, मी आणि तू. देशाची टीम निवडायची होती. फिजिओला कळलं असतं तर त्याने मला त्याच दिवशी बसवलं असतं आणि एकोणतिसाव्या वर्षी बॉल फेकणाऱ्या हुकरला दुसरी संधी कोण देतो? म्हणून आपण स्वयंपाकघरात टेप बांधायचो. मी खुर्चीवर उलटा बसायचो, तू मागे उभा. चार पट्ट्या. पहिली दंडावरून, दुसरी गळ्याच्या हाडावरून, तिसरी आडवी. चौथी पाठीवरून खेचून, श्वास सोडायला लावून. "दादा, सांग ना रे कोणाला तरी," असं तू रोज म्हणायचास. चौथी पट्टी बसवताना. मी हलू शकत नाही हे बघून.

शेवटचं मिनिट. तीन गुणांनी मागे. त्यांच्या रेषेपासून पाच मीटरवर लाइनआउट. बॉल रांगेच्या टोकाला टाकायचा होता, तुला. लांबची फेक. मी बॉल डोक्यामागे नेला आणि खांदा अडकला. कोणीतरी आतून कडी लावावी तसा. अर्धा सेकंद गेला असेल. तेवढ्यात तू ठरल्याप्रमाणे वर गेला होतास, बरोबर जागी, बरोबर वेळी. माझा बॉल आला तेव्हा तू खाली येत होतास. त्यांच्या माणसाने तो घेतला आणि शिट्टी वाजली.

मग सोमवारची व्हिडिओ मीटिंग. तुला रीत सांगायला नको, पण मला ती लिहून बघायची आहे. कोच चूक दाखवतो आणि थांबतो. ज्याची असेल त्याने नाव घ्यायच्या आत हात वर करायचा. हात वर झाला की विषय संपला, वर कोणी बोलायचं नाही, विचारायचं नाही. मी त्या खोलीत लहानसहान चुकांना शंभरदा हात वर केला असेल. पास हुकला, हात वर. टॅकल सुटला, हात वर. फुशारकीने करायचो.

त्या दिवशी पडद्यावर चित्र थांबलं होतं. तू हवेत सगळ्यांत उंच, आणि बॉल अजून माझ्या मानेमागे. बघणाऱ्याला वाटावं, हा लवकर उडाला. कोच थांबला. मी बुटांच्या नाड्यांकडे बघत होतो. डाव्या बुटाच्या नाडीचं टोक उसवलेलं होतं, अजून डोळ्यांसमोर आहे. मी मनात म्हणत होतो, बुधवारी टीम जाहीर होऊ दे, मग सांगतो.

आणि तू हात वर केलास.

मी बघितलं नाही, शेजारी तुझ्या खुर्चीचा आवाज झाला त्यावरून कळलं. विषय संपला. बुधवारी माझं नाव आलं. महिनाअखेर तुझा करार वाढवला नाही. मी देशाकडून अकरा मॅच खेळलो, आणि तू एक बॅग आणि बुटांच्या दोन जोड्या घेऊन गेलास. स्टेशनवर मी आलो नाही, सराव होता म्हणून. सराव अकराला होता. तुझी गाडी सातची होती.

काल व्हिडिओवाल्याकडून ती क्लिप मागून घेतली. एकट्याने बघितली, एकेक चित्र पुढे सरकवत. माझं कोपर बघ कधीतरी. बॉल मागे जातो आणि कोपर अकरा चित्रं जागचं हलत नाही. कोचने त्या दिवशी तुझे पाय बघितले, माझं कोपर बघितलं नाही. ते दाखवायला मी होतो, दाखवलं नाही.

हे लिहायला सहा वर्षं लागली आणि वाचायला तुला पाच मिनिटं लागतील. माफ कर असं लिहायला हात धजत नाही. आधी जिथे बोलायला हवं होतं तिथे बोलतो, मग लिहीन.

दादा


७ एप्रिल, मंगळवार

छोट्या,

काल बोललो.

व्हिडिओवाल्याला शुक्रवारीच सांगून ठेवलं होतं. शनिवारच्या मॅचचं सगळं झाल्यावर त्याने दिवा लावायच्या ऐवजी तुझी क्लिप लावली. खोलीत चाळीस माणसं. निम्म्यांनी तुला खेळताना बघितलेलंही नाही. घाई म्हणून नाव मात्र सगळ्यांना माहीत. मागच्या ओळीत कोणीतरी हसलं. कोच म्हणाला, "हे काय लावलंयस?"

चित्र थांबलं. तू वर, बॉल माझ्या मानेमागे. मी हात वर केला.

उजवाच केला, सवयीने. आणि तो कानाच्या वर गेला नाही. शनिवारी टेप आणि गोळीच्या जोरावर तो वर जातो, सोमवारी कोणाच्या बापाचं ऐकत नाही. त्यामुळे चाळीस माणसांसमोर मी अर्धा हात वर करून उभा, बस थांबवल्यासारखा. फिजिओ भिंतीशी उभा होता. त्याने माझ्या हाताकडे बघितलं, मग पडद्याकडे, मग परत हाताकडे. त्याला पुढचं काही सांगावं लागलं नाही.

तरी मी सांगितलं. खांदा तेव्हाचा, खांदा आत्ताचा, टेप, अर्धा सेकंद, तुझा हात. वर कोणी बोलायचं नाही अशी रीत, त्यामुळे कोणी बोललं नाही. मग मीच पुढचं बोललो, कारण अजून एक राहिलं होतं आणि ते मी तुला पत्रातही लिहिलं नव्हतं.

लोक तुला नावं ठेवतात असं मी लेकीला सांगितलं. छोट्या, नाव मी ठेवलं. टीम जाहीर झाल्यावर पत्रकारांनी विचारलं, तुमच्या भावाचं काय झालं त्या दिवशी? मी म्हणालो, "आमच्या घरात तो जन्मलाही सातव्या महिन्यात. घाई त्याच्या रक्तातच आहे." सगळे हसले. मीही हसलो. दुसऱ्या शनिवारी प्रेक्षकांनी ते उचललं. आई घरी ते टीव्हीवर बघत होती. चाळीस दिवस ती तुझ्या काचेच्या पेटीशी स्टूल टाकून बसली होती, मी चार वर्षांचा, तिच्या पदराला धरून. तिने टीव्ही बंद केला आणि आजवर मला त्यावरून एक शब्द बोलली नाही. बोलली असती तर बरं झालं असतं. इतर सगळ्या गोष्टी भीतीपोटी केल्या असं स्वतःला समजावता येतं. ही मी हशा मिळावा म्हणून केली. तिचीच मला सगळ्यांत जास्त लाज वाटते.

सगळे गेल्यावर कोचने मला थांबवून घेतलं. मग म्हणाला, "मी त्याला विचारलंही नाही. हात वर केला की विचारायचं नाही, हा नियम माझाच." नंतर म्हणाला, "तुला कोच करायचं होतं मला. आता ते जमणार नाही. ज्याला स्वतःचा खांदा सांगता आला नाही, त्याच्याकडे चाळीस जणांचे खांदे कसे देऊ?"

मी म्हटलं, "बरोबर आहे." आणि गंमत म्हणजे मला ते खरंच बरोबर वाटलं.

त्याने खण उघडून तुझा अर्ज काढला. पुढे काय करतो ते त्याचं तो बघेल. मी तुझी शिफारस केली नाही, घाबरू नकोस. त्र्याण्णवच्या आकड्याखाली फक्त बोट ठेवलं.

फिजिओने चार आठवडे बसवलंय. ९ मेला खेळेन की नाही सांगता येत नाही. मशीनमध्ये खांदा आतून दिसतो. फिजिओ म्हणाला, हे बघून तू जेवायला चमचा कसा उचलतोस? घरी आल्यावर तुझ्या वहिनीने भाजीत मीठ जास्त टाकलं आणि मी तक्रार केली नाही म्हणून दुसऱ्यांदा वाढलं. मला वाटतं ती खूश आहे.

आता लिहितो. माफ कर. उत्तर नाही दिलंस तरी चालेल. माझ्यापुरतं सांगायचं ते सांगून झालं.

दादा


२८ एप्रिल

छोट्या,

पार्सल आज मिळालं.

पोस्टमनने सही मागितली. अक्षर बघितलं आणि मी त्याच्या पेनाने चुकीच्या रकान्यात सही केली. शाळेत तुझ्या वह्यांवर पुठ्ठे मी घातले, नाव तू टाकायचास, ते वाकडं अक्षर कुठेही ओळखेन. दारातच फाडलं. आत पत्र नव्हतं. पुन्हा पाकिटात हात घालून बघितला, उलटं करून झटकलं. नव्हतंच.

मेणकागदावर चिकटवलेल्या टेपच्या पट्ट्या होत्या. तीच तपकिरी, रुंद. कापून, कोपरे गोल करून, म्हणजे जर्सीला घासून निघू नयेत. पेनाने आकडे घातलेले. एक, दोन, तीन. स्वयंपाकघरात जाऊन मी पहिली दंडाशी धरून बघितली. माप बरोबर. सहा वर्षं तू मला बघितलं नाहीस, आणि माझ्या दंडाचं माप तुझ्या हातात होतं. मी खुर्चीवर बसलो तो बसलोच. लेक शाळेतून आली आणि म्हणाली, "बाबा, तुला लागलं का?" मी म्हटलं, हो.

तुझ्या वहिनीने पट्ट्या मोजल्या. म्हणाली, तीनच आहेत. चौथी विसरला वाटतं.

तू विसरणारा नाहीस. चौथी आधी कापून ठेवता येत नाही. ती श्वास सोडल्यावर, मागे उभं राहून, माणसाने जागेवरच मापायची असते. हे मी तिला सांगितलं नाही. नंतर सांगितलं.

मी यातून भलताच अर्थ काढत असेन तर काढू दे. पहिल्या पत्रापासून मी तेच करतोय.

इकडची खबर. फिजिओने परवानगी दिली आहे: शेवटची वीस मिनिटं, लांबची फेक नाही, आणि टेप त्याच्या डोळ्यांदेखत बांधायची. त्याला म्हटलं, तीन तुम्ही बांधा, चौथीला माझा माणूस येतोय. तो म्हणाला, कोण? मी म्हटलं, येतोय का ते अजून नक्की नाही. त्याने वहीत तसंच लिहून घेतलं.

आणि कोचने विचारलं, तुझा भाऊ ११ तारखेला, सोमवारी, मुलाखतीला येईल का? मी म्हटलं, त्यालाच विचारा. तर म्हणाला, विचारलं, म्हणजे फोन केला. तुमचं अर्धा तास बोलणं झालं म्हणे, आणि त्यातली पंचवीस मिनिटं तू त्याला आमच्या लाइनआउट कशा भिकार आहेत ते सांगत होतास. कोच हे सांगताना हसत होता. हसताना मी त्याला दोन-तीनदाच बघितलंय.

मला मात्र अजून फोन केला नाहीस. बरोबर आहे. माझी पाळी शेवटी.

दादा


९ मे, शनिवार. स्वयंपाकघराच्या टेबलावर.

छोट्या,

आईने काल रात्री सात वाजता फोन करून सांगितलं की तू पहाटेच्या गाडीने निघतोयस, आणि मला सांगू नको असं तू बजावलंयस, आणि म्हणून ती सांगतेय. तिचं वागणं तुला माहीत आहे.

मला दहाला मैदानावर हजर व्हावं लागतं, त्यामुळे तू पोचशील तेव्हा घरात कोणी नसेल. तुझी वहिनी आणि लेक आईला आणायला गेल्यात. किल्ली तिथेच, पायपुसण्याखाली. सहा वर्षांत आपण चोराला घाबरायला शिकलो नाही. जेवण झाकून ठेवलंय, सगळं खा, तुझ्यासाठी दोन माणसांचं केलंय. पुतणीने तुझ्यासाठी काहीतरी लिहून फ्रिजवर लावलंय. मी वाचलं नाही, वाचू नकोस असं मला दोनदा सांगितलंय.

दारावर तिकीट आहे, पण त्या दाराने येऊ नकोस. मागच्या, खेळाडूंच्या दाराने ये. रखवालदार जुनाच आहे, तुला ओळखेल, आणि नाव विचारलंच तर तुझं खरं नाव सांग. मी त्यालाही सांगून ठेवलंय, दुसरं नाव या दारातून आत येत नाही.

पहिल्या तीन पट्ट्या फिजिओ दुपारी एक वाजता बांधेल. मी खुर्चीवर उलटा बसलेला असेन. पाठ दाराकडे असेल, त्यामुळे तू आलास की मला दिसणार नाहीस. काही बोलायची गरज नाही. मी श्वास सोडून थांबेन.

टेपचा रोल टेबलावर आहे. कात्री जुन्याच खणात आहे, येताना घेऊन ये.

दादा